आशेचा भाव

आश्विनी पौर्णिमेच्या रात्री जागे राहून लक्ष्मीची वाट पाहावी आणि वाट पाहता पाहता अक्षक्रीडा करावी, अशी जी आज्ञा आपल्या व्रतग्रंथांनी देऊन ठेवली आहे, तिचा पूर्वार्ध आम्हां कोल्हापूरकरांना आटीव दुधाच्या ओढीने आणि उत्तरार्ध पत्त्यांच्या जन्मजात आवडीने बिनतक्रार पाळता येतो. गेल्या कोजागरीला शिवाजी पेठेतील आमच्या गल्लीत एका गच्चीवर सतरंजी अंथरून सातआठ जण असेच बसले होते. पुण्या-बंगळुरास नोकरीला असलेल्या तरुण मंडळींनी या खेपेस रमी आणि तीन पत्ती बाजूला ठेवून पोकर नावाचा तो परदेशी खेळ काढला होता, ज्यात प्रत्येकाच्या हाती दोन पाने मिटलेली असतात, मध्यभागी सर्वांच्या सामाईक अशी पाच पाने आधी तीन, मग एक, मग आणखी एक या क्रमाने उघडत जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे टाकून पुढे जायचे की पाने खाली ठेवून मोकळे व्हायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. रक्कम किरकोळ होती. एका वेळी दहा रुपयांच्या वर कोणी लावायचे नाही, असा करार आरंभीच ठरला होता.

त्या मंडळींत गुळाच्या अडत दुकानात चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काढलेले आमचे एक स्नेही होते. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या हाती बदामाचा एक्का आणि बदामाचीच सत्ती आली, मध्ये उघडलेल्या तिनांत आणखी दोन बदाम निघाले, आणि पाचवा बदाम आला की डाव त्यांचा अशी स्थिती झाली. मध्ये साठ रुपये जमले होते आणि पुढे राहण्यास दहा टाकावे लागणार होते. दिवाणजींनी ते टाकले. पुढची दोन्ही पाने काळी निघाली, दहा रुपये गेले. पुढे थोड्या वेळाने त्यांच्या हाती अठ्ठी आणि नव्वी आली, मध्ये दश्शी, राणी आणि एक दुर्री उघडली. गुलाम आला तर अठ्ठीपासून राणीपर्यंत पाच पानांची सलग ओळ लागणार होती. याही वेळी मध्ये साठच होते आणि द्यायचे दहाच होते. दिवाणजींनी या खेपेस पाने खाली ठेवली, आणि पुढचेच पान किलवरचा गुलाम निघाले. तो डाव राण्यांची नुसती जोडी असलेल्या एका पोराने नेला. गच्चीवर मोठी हळहळ झाली. एक जण म्हणाला, "काका, जायचं तिथं ऱ्हाताय आन् ऱ्हायचं तिथं जाताय की!" दिवाणजींनी दुधाचा पेला उचलला आणि शांतपणे म्हणाले, "मी दोन्ही बारीला बराबर हाय. पानांचं पानांनी बघावं."

या एका वाक्याने माझी त्या रात्रीची झोप नेली. ज्या वस्तूची शाश्वती नाही तिच्यासाठी मनुष्याने किती मोल मोजावे, मोल मोजूनही ती न मिळाल्यास स्वतःस दोष द्यावा काय, आणि मोल न मोजल्यामुळे हातची गेली तर पश्चात्ताप करावा काय, हे तीनही प्रश्न पत्त्यांच्या खेळातले म्हणून हसण्यावारी नेता येतील. परंतु मुलाला दुसऱ्यांदा परीक्षेस बसविणारा बाप, पावसाने दडी मारल्यावर दुसऱ्यांदा पेरणी करणारा शेतकरी आणि देवाला नवस बोलणारी माउली, ही सर्व माणसे याच तीन प्रश्नांसमोर उभी असतात, आणि धर्मशास्त्राने आशेविषयी जे काही सांगितले आहे ते यांच्याच उपयोगी पडले पाहिजे. आशा हे बंधन आहे असे आपले संत आणि आचार्य एकमुखाने सांगतात. ते खरे मानूनही असे विचारता येते की, सगळ्या आशा सारख्याच बंधनकारक असतात काय, की ज्या आशेचा भाव आपण विचारला नाही तीच तेवढी गळ्यात पडते?

दिवाणजींचा हिशेब दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडूनच समजून घेतला, आणि तो इतका सरळ आहे की तिसरी-चौथीच्या विद्यार्थ्यालाही पाटीवर मांडता यावा. जोडीत बावन्न पाने, पैकी आपली दोन आणि मधली तीन दिसली, राहिली 47. बदामाचे एकूण तेरा, त्यांतले चार दिसले; उरलेले नऊ. म्हणजे असा प्रसंग 47 वेळा आला तर सरासरीने नऊ वेळा पुढचे पान बदामाचे येईल आणि 38 वेळा येणार नाही. नऊ वेळा साठप्रमाणे जमा 540, अडतीस वेळा दहाप्रमाणे नावे 380, शिल्लक 160. गुलामाचे मात्र निराळे. गुलाम चारच, 47 वेळांत चार वेळा साठप्रमाणे जमा 240, 43 वेळा दहाप्रमाणे नावे 430, तूट 190. पहिल्या डावात दहा रुपये देऊन घेतलेली आशा स्वस्त होती आणि दुसऱ्या डावात त्याच दहा रुपयांना मिळणारी आशा महाग होती. साठ तेच, दहा तेच, आणि ज्याची वाट पाहायची ते पानही दोन्हीकडे एकच, तरी एक सौदा शहाणपणाचा आणि दुसरा खुळेपणाचा. "मास्तर," दिवाणजी मला म्हणाले, "आशा करू नगा असं कोन म्हंतंय? भाव इचारून करा म्हंतो मी."

आता यावर सहज सुचणारा आक्षेप असा की, हे सर्व सरासरीचे झाले. प्रत्यक्षात त्या रात्री बदाम आला नाही आणि गुलाम आला, तेव्हा हिशेब खोटा ठरला नाही काय? या आक्षेपाचे उत्तर दिवाणजींच्या पेशातच आहे. जुन्या पेढीवर दोन वह्या असतात. एक रोजकीर्द, जिच्यात आज काय आले आणि काय गेले ते त्या त्या दिवशी लिहिले जाते. आणि दुसरी खतावणी, जिच्यात वर्षभराच्या त्या नोंदी त्या त्या खात्यावर उतरवून कोणत्या व्यवहारात आपण खरोखर मिळविले आणि कोणत्यात घालविले, याचा निवाडा होतो. रोजकीर्दीतील एका ओळीवरून ज्याने पेढी चालविली त्याचे दिवाळे निघण्यास वेळ लागत नाही. कारण एखाद्या दिवशी नासका माल चढ्या भावाने विकला जातो आणि एखाद्या दिवशी सोन्यासारखा गूळ पावसात सापडतो, आणि या दोन्ही गोष्टींत व्यापाऱ्याच्या अकलेचा काही संबंध नसतो. गच्चीवरील पोरे रोजकीर्द वाचीत होती, दिवाणजी खतावणी वाचीत होते. आपल्या आयुष्याकडे पाहतानाही आपण बहुधा रोजकीर्दच वाचतो. गैरसावधपणे केलेले काम दैवाने तरून गेले की त्याला आपण हुशारी म्हणतो, आणि विचारपूर्वक केलेले काम फसले की त्याला चूक म्हणतो. आणि या दोन चुकीच्या नोंदी पुढच्या प्रत्येक निर्णयात भांडवल म्हणून वापरतो.

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी राज्य गमावून बसलेल्या युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात, ती बहुतेकांना दमयंतीच्या प्रेमासाठी आठवते. मला मात्र तिच्यातील बेहड्याच्या झाडाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. द्यूतात सर्वस्व घालवलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून ते दोघे रथ भरधाव सोडून विदर्भाकडे, आपल्या आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर म्हणून जे मानले जाते त्या कुंडिनपुराकडे, निघाले आहेत. वाटेत एक बेहडा दिसतो. ऋतुपर्ण रथातूनच त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळाला विश्वास बसत नाही. उशीर होत असताही तो रथ थांबवितो, झाड तोडून मोजणी करतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हा अश्वविद्येच्या बदल्यात तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म आणि गणनेचे ज्ञान, घेतो. आणि पुढची गोष्ट व्यासांनी किती सूचक घातली आहे पाहा: हे ज्ञान नळाच्या अंतःकरणात उतरते त्याच क्षणी इतकी वर्षे त्याच्या शरीरात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो. व्रताने नव्हे, यज्ञाने नव्हे, प्रायश्चित्तानेही नव्हे, तर संख्या आली तेव्हा कली गेला. बेहड्याचीच फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे तर या प्रसंगाची खोली आणखी वाढते. ज्या झाडाच्या फळांनी नळाला बुडविले त्याच झाडाची फळे मोजून तो सुटला. आणि कथा संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला काय देतात? द्यूताचा निषेध करणारे प्रवचन त्यांनी केले असते तर ते कोणाही ऋषीला शोभले असते. परंतु ते देतात अक्षहृदय.

आता थोड्या पैशांच्या खेळाविषयी. द्यूताची निंदा करणाऱ्यांना असे वाटते की रक्कम लहान असली म्हणजे दोष लहान होतो, एवढाच काय तो फरक. पण या खेळातील जाणती माणसे सांगतात त्याप्रमाणे रक्कम लहान झाली की खेळाचा स्वभावच पालटतो. मोठ्या डावात हातात काही नसताना जोरात पैसे लावून दुसऱ्याला हूल देता येते, कारण समोरच्याला गमावण्यासारखे पुष्कळ असते आणि तो भिऊन पाने टाकतो. दहा रुपयांच्या डावात कोण कोणाला भिणार? "बघू तरी काय हाय ते" म्हणून प्रत्येक जण शेवटपर्यंत बसतो. म्हणून अशा डावात हूल देणे हे पैसे रस्त्यावर टाकण्यासारखे आहे, आणि उलट, लागू शकणाऱ्या पण अद्याप न लागलेल्या पानांची वाट पाहणे परवडते; कारण बसणारे पुष्कळ असल्यामुळे मधली रक्कम फुगते, आणि पान लागल्यावरही मंडळी कुतूहलापोटी पैसे देत राहतात. श्रीकृष्णाने गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना छल करणाऱ्यांत आपण द्यूत आहोत असे म्हटले आहे. ज्याला घाबरविता येत नाही त्याला छळताही येत नाही. त्यामुळे किरकोळ रकमेच्या डावातून तो छल बहुतांशी गळून पडतो आणि मागे उरते ती केवळ प्रतीक्षा आणि तिची किंमत.

अर्थात या डावालाही एक शत्रू आहे, आणि तो सतरंजीवर बसलेला नसून बाजूला उभा असतो. घरच्या गच्चीवर तो नव्हता, अड्ड्यावर असतो. प्रत्येक डावातून अड्डेवाला जी नाल काढतो, ती मोठ्या रकमेच्या खेळात फारशी जाणवत नाही, पण लहान डावात ती दिवाणजींच्या त्या 160 रुपयांच्या शिलकेचा केव्हा फडशा पाडते ते कळतही नाही. ही नालही जुनीच आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून, जुगार एकाच जागी चालवून, जिंकणाऱ्याच्या रकमेवर शेकडा पाच घेण्याची तरतूद केली आहे. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले, कौटिल्याने त्यावर वसुली बसविली. आणि आमचे आधुनिक शासन या दोघांच्या मधोमध कधी इकडे तर कधी तिकडे झुकत आले आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्डा हाच मुख्य अपराध धरला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत पाने लक्षात ठेवण्याचे आणि टाकण्याचे कौशल्य मुख्य असल्याचा आणि तीन पत्तीसारखा खेळ निव्वळ दैवाचा असल्याचा निर्वाळा दिला. आणि 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की दैवाचे, सरसकट बंद केले. कायद्याला खेळांचे वर्ग पाडावेच लागतात. परंतु कौशल्य आणि दैव यांची हद्द दोन खेळांमधून जात नाही, ती एकाच खेळात बसलेल्या दोन माणसांमधून जाते. त्या रात्री एकाच सतरंजीवर एकाच जोडीने काही जण दैव खेळत होते आणि एक जण गणित.

दिवाणजींनी सांगितलेला दुसरा नियम मला पहिल्याहूनही अधिक तात्त्विक वाटतो. बदामाची वाट पाहताना त्यांच्या हाती बदामाचा एक्का होता, ही गोष्ट ते वारंवार सांगत. "पान आलं तर डाव माझाच, ह्यात शंका नगो. दुर्री-तिर्री घेऊन बदामाची वाट बगत बसलो, आन् बदाम आला, आन् पल्याडच्याकडं राजा असला, मंग?" गुलामाच्या डावातही हीच धास्ती होती, गुलाम येताच मध्ये दश्शी, गुलाम, राणी दिसणार, आणि कोणाकडे एक्का-राजा असेल तर त्याची ओळ दिवाणजींच्या ओळीहून वरचढ ठरणार. पुष्कळ जण बसलेल्या डावात ही शक्यता अधिक. विफल आशेचे नुकसान दहा रुपयांवर थांबते. परंतु सफल होऊनही अपुरी पडणारी आशा मनुष्याला शेवटपर्यंत बसविते, कारण हवे ते मिळाल्यावर उठून जाणार कोण? हव्या त्या खुर्चीवर बसूनही तिच्याहून मोठ्या खुर्चीपुढे ओशाळे होणारी, हवे ते घर बांधून कर्जात बुडालेली माणसे आपण रोज पाहतो. इच्छा करायचीच तर अशी करावी की ती पुरी झाली असता पुरी पडेल. आपल्या वारकऱ्यांनी मागणे मागताना धन, संतती, मुक्ती या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट भक्तीच मागितली, ती काही केवळ वैराग्यापोटी नव्हे. हाती एक्का असल्याशिवाय वाट पाहायची नाही, ही दक्षताही तीत आहे.

तिसरा नियम सांगण्यास सोपा आणि पाळण्यास महाकठीण: मध्ये पडलेला पैसा आपला नव्हे. "एवढे टाकले, आता सोडायचे कसे?" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले तो डाव हरला, मग पान येवो अथवा न येवो. हस्तिनापुरात धर्मराजाचे जे झाले ते याहून वेगळे नव्हते. रत्ने गेली म्हणून सोने, सोने गेले म्हणून रथ, आणि भाऊ गेले म्हणून स्वतः, असे मागचे सावरण्यासाठी पुढचे लावीत तो द्रौपदीपर्यंत पोचला. दिलेल्या वस्तूवरील स्वामित्व मनानेही सोडल्यावाचून दान पुरे होत नाही, असे आपले धर्मशास्त्र सांगते. डावात टाकलेल्या दहा रुपयांनाही हाच न्याय लावता आला तर पुढचा विचार निर्मळ होतो. पुढे किती मिळण्याजोगे आहे आणि त्यासाठी आता किती द्यावे लागेल, एवढेच दोन आकडे जिवंत असतात.

येथे आपल्याकडील नवसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अंबाबाईच्या आणि वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या दारी माणसे नवस बोलतात. त्याची कबुलायत अशी की, काम झाले तर ओटी भरीन, पेढे वाटीन. म्हणजे नवसात मोल फळ मिळाल्यावर द्यायचे असते, आणि डावात फळ मिळण्यापूर्वी. व्यवहाराच्या दृष्टीने नवस हा कितीतरी सुरक्षित सौदा आहे. सगळी जोखीम देवावर. म्हणूनच कदाचित संतांना तो रुचला नाही. ज्यात भक्ताने काहीच पणाला लावलेले नाही तिथे श्रद्धा कसली? याच्या अगदी उलट टोकाला पास्काल हा फ्रेंच गणिती उभा आहे. 1654 साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून, अर्धवट मोडलेल्या डावातील रक्कम कशी वाटावी, या जुगाऱ्यांच्या प्रश्नातून त्याने संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला, आणि पुढे तेच गणित ईश्वराला लावले: ईश्वर असण्याची शक्यता कितीही थोडी माना, मिळणारे सुख अनंत आहे आणि लावायचे ते एक मर्यादित आयुष्य, तेव्हा ईश्वर आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे. युक्तिवाद बिनतोड दिसतो, परंतु दिवाणजींना मी तो सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मधी किती पडल्यात ते ज्याला मोजता येत न्हाई, त्यो डाव मी खेळत न्हाई. देवाकडं जायचं तर पैसं घरी ठिवून जावं." अनंत रकमेचा मोह दाखवून कोणतीही आशा कोणत्याही भावाने विकता येते, हे त्या गुळाच्या दिवाणजीला एका क्षणात उमगले होते.

मोल न लावता केलेली आशा कशी असते ते आमच्या गावात वर्षातून दोनदा पाहण्यास मिळते. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून आत शिरून, गरुडमंडप ओलांडून अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, आणि देवीच्या चरणांवरून वर चढत मुखापर्यंत पोचतात. सूर्याचा मार्ग शेकडो वर्षांपूर्वी मंदिर बांधणाऱ्यांनी बिनचूक मोजला. त्यात दैवाला जागा नाही. पण क्षितिजावरचा ढग, हवेतली धूळ, रस्त्यावर उठलेले एखादे उंच बांधकाम, यांची मोजणी कोणी केली नव्हती. म्हणून कधी किरणे चरणांशीच विरतात, कधी कमरेपर्यंत येऊन थांबतात, कधी मुखावर पडतात. मंडपात उभी असलेली माणसे मान उंचावून पाहत असतात. किरणे आली तर हात जोडतात, आणि न आली तरीही हात जोडतात. फसवणूक झाल्यासारखे तोंड करून परतलेला माणूस मी तेथे पाहिलेला नाही. मोजण्यासारखे होते ते बांधणाऱ्यांनी मोजले, न मोजण्यासारखे होते ते ढगांवर सोडले.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त फलाशेचा त्याग म्हणजे फळाविषयी बेपर्वाई नव्हे, हे परोपरीने विशद केले आहे. कर्म कोणत्या साधनांनी सिद्धीस जाईल याचा पूर्ण विचार कर्मयोग्याने केलाच पाहिजे, आणि तो करून झाल्यावर फळावरील ममत्व सोडले पाहिजे. दिवाणजींची वृत्ती याच जातीची आहे असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो आवरताना एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अड्ड्यावरचा जुगारीही "जे होईल ते होईल" असे म्हणतो, आणि कर्मयोगीही जवळजवळ तेच शब्द उच्चारतो. परंतु जुगाऱ्याला फळाची आसक्ती असते आणि मोलाची बेफिकिरी. कर्मयोग्याला मोलाची दक्षता असते आणि फळाची अनासक्ती. दोघांचे शब्द एक, खाती उलटी. ज्याला दुसऱ्या डावातील गुलाम पाहून हळहळ वाटली नाही, आणि पहिल्या डावातील बदाम न आल्याचाही राग आला नाही, त्याने पैसे टाकण्यापूर्वी डोळे उघडे ठेवले होते म्हणूनच त्याला नंतर ते मिटता आले.

एवढे म्हणूनही मी द्यूताची वकिली करतो आहे असे कोणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34 व्या सूक्तात, बायको दुरावलेला, सासूने झिडकारलेला, कर्जाने दुसऱ्याच्या दारी रात्र काढणारा जुगारी शेवटी ज्या उपदेशापाशी येऊन पोचतो, तो असा की, फासे सोड आणि शेत नांगर. यावर कोणी म्हणेल की शेती हाही पावसाशी मांडलेला जुगारच आहे. मृगात पेरले, पाऊस पळाला, दुबार पेरणीचे बी पुन्हा उधारीने आणले, ही करवीर तालुक्यातीलही गोष्ट आहे. खरे आहे, तिथेही भाव विचारावाच लागतो, आणि पहिले बी गेले म्हणून नव्हे, तर उरलेल्या पावसाच्या दिवसांत पीक हाती येईल म्हणूनच दुसरे पेरावे लागते. पण एक फरक उरतो आणि तोच निर्णायक आहे. शेतकऱ्याचा डाव साधला तर कणगी भरते आणि कोणाची रिकामी होत नाही. सतरंजीवर एकाचे आले ते दुसऱ्याचे गेलेले असते, आणि अड्ड्यावर तर दोघांचेही थोडे थोडे नालेत गेलेले असते. दिवाणजींची ती 160 रुपयांची शिल्लकही कोणा तरी पोराच्या खिशातूनच येणार होती. लोकसंग्रहास ज्याचा काडीइतका उपयोग नाही असे कर्म कितीही अनासक्तीने केले तरी तो कर्मयोग होत नाही. फार तर त्याची तालीम होते. तालमीत मारलेल्या जोरबैठकांनी कोणाचे घर बांधले जात नाही, पण घर बांधणाऱ्याच्या दंडांत बळ येते. तालीम म्हणून, कोजागरीच्या रात्रीपुरती आणि दहा रुपयांच्या कराराने, मला ती मान्य आहे. पोट म्हणून नाही.

आशेला भाव असतो. तो विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे, आणि तो जास्त वाटल्यास पाने खाली ठेवणे हा भ्याडपणा नव्हे. ठेवल्यावर तेच पान आले तरीही नव्हे. दुसऱ्या दिवशी मी दिवाणजींकडे गेलो तेव्हा ते बैठकीवर बसून घरची रोजकीर्द लिहीत होते. रात्रीच्या खेळात एकंदर हारच झाली होती, आणि ती त्यांनी कोणत्या खाती घातली आहे हे पाहण्यासाठी मी वाकून पाहिले. आश्विन शुद्ध 15, कोजागरी. दूध-साखर, रुपये 180. आणि त्याच्या खाली, त्याच अक्षरात: करमणूक, रुपये 14.